दोन खिडक्यांच्या मधलं काम

महाराष्ट्रात लिपिक-टंकलेखक पदाच्या जाहिरातीत एक अट ठरलेली असते: मराठी टंकलेखन मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी ४०. गावोगावच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधून याच मापानं बोटं घडवली गेली. मीही तशाच एका इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडले. त्यामुळे भाषांतराच्या आणि संपादनाच्या कामाला लागले तेव्हा वेग म्हणजे बोटांचा वेग, हे डोक्यात पक्कं बसलेलं होतं. काम रोजचं झालं आणि हळूहळू कळलं की माझा वेळ टंकण्यात फारसा जातच नाही. तो जातो ने-आण करण्यात.

माझ्या कामाची मांडणी साधी आहे. एका खिडकीत इंग्रजी मजकुराची पीडीएफ. दुसरीत वर्ड, त्यात मराठी. ब्राउझरमध्ये भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश उघडे. एक्सेलमध्ये त्या कामापुरती शब्दसूची, म्हणजे 'ॲक्विफर'साठी कोणता शब्द ठरला आणि पहिल्या प्रकरणात आपण काय वापरलं होतं, याची नोंद. शिवाय मेल आणि व्हॉट्सॲप, कारण शंका तिथेच विचारल्या जातात आणि उत्तरंही तिथेच येतात. एका लांबलचक वाक्यासाठी या सगळ्या खिडक्यांत फेरी होते: शब्द उचल, कोशात टाक, प्रतिशब्द उचल, वर्डमध्ये आण, मग सूचीत नोंदव. प्रत्येक फेरी काही सेकंदांची. पण मराठी वाक्याचं क्रियापद शेवटी येतं. ते येईपर्यंत कर्ता, कर्म, मधली दोन पोटवाक्यं असं सगळं डोक्यात धरून ठेवावं लागतं. फेरी मारून परत येईपर्यंत त्यातलं काहीतरी सांडलेलं असतं. मग वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचा. वेळ खातं ते हे पुन्हा वाचणं.

संगणक आपण शिकलो तो प्रोग्रामांच्या हिशेबानं. एमएस-सीआयटी असो की खासगी क्लास, वर्ड संपलं की एक्सेल, एक्सेल संपलं की पॉवरपॉइंट. एका प्रोग्राममधून दुसऱ्यात जाण्याचा जो मधला पट्टा असतो तो कोणत्याच धड्यात येत नाही, कारण तो कोणत्याच प्रोग्रामचा नसतो. तो असतो खुद्द विंडोजचा, आणि विंडोज म्हणजे आपल्या लेखी संगणक सुरू करण्यापुरती गोष्ट. त्यामुळे या मधल्या पट्ट्यातल्या सोयी वर्षानुवर्षं तिथेच पडून राहतात.

मला त्यातली पहिली सोय दाखवली ती एका ज्येष्ठ डीटीपी ऑपरेटरांनी. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. खिळे जुळवण्याचा काळ सरता सरता ते या धंद्यात आले, पुढे संगणकावर बसले. बिगर-युनिकोड फॉन्टांच्या काळात कोणतं जोडाक्षर कोणत्या कळेखाली लपलंय हे त्यांना तोंडपाठ असायचं. मी शेजारी बसून दुरुस्त्या सांगत होते आणि मधूनच माझ्या लॅपटॉपवर काहीतरी कॉपी करून आणत होते. त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "ताई, एकेक काय आणताय? सगळं एकदम आणा की." आणि विंडोजची कळ धरून व्ही दाबलं.

कंट्रोल-व्ही सगळ्यांना ठाऊक आहे. विंडोज-व्ही ही त्याचीच थोरली बहीण. विंडोज १० च्या २०१८ सालच्या ऑक्टोबरच्या आवृत्तीत ती आली. पहिल्यांदा दाबली की संगणक विचारतो, क्लिपबोर्डचा इतिहास ठेवायचा का? एकदा हो म्हटलं की तुम्ही कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी एका यादीत साठत जातात: मजकूर, चित्रं, पडद्याचे टिपलेले तुकडे. बाणाच्या कळांनी खाली-वर जायचं आणि एंटर दाबायचा. यादीतल्या एखाद्या नगाला पिन टोचून ठेवली की संगणक बंद-चालू केला तरी तो राहतो, बाकीचे पुसले जातात. माझ्यासाठी याचा अर्थ असा झाला की कोशात एकदाच जायचं. परिच्छेदातल्या सगळ्या अडलेल्या संज्ञांचे प्रतिशब्द एकामागून एक उचलायचे आणि वर्डमध्ये परत येऊन लिहिता लिहिता जागच्या जागी ठेवायचे. हातात एकेक फूल धरून देवघरापर्यंत खेपा घालणं वेगळं आणि ओचा भरून एकदम आणणं वेगळं.

याच्या मागचा इतिहास मला नंतर कळला आणि तो आमच्याच धंद्यातला निघाला. आज आपण करतो ते कट-कॉपी-पेस्ट १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात आकाराला आलं. लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी 'जिप्सी' नावाचा मजकूर-संपादक बनवला. तो बनवला जिन या पाठ्यपुस्तक प्रकाशकाच्या संपादकांसाठी, म्हणजे कात्री आणि गोंद घेऊन हस्तलिखिताचे तुकडे इकडचे तिकडे चिकटवणाऱ्या माणसांसाठी. टेस्लर यांचा आग्रह असा की माणसाला आपण आत्ता 'कोणत्या अवस्थेत' आहोत हे लक्षात ठेवावं लागता कामा नये. त्याआधीच्या अनेक मजकूर-संपादकांत लिहिण्याची अवस्था वेगळी आणि हुकूम देण्याची वेगळी असे. चुकीच्या अवस्थेत अक्षर टंकलं की भलतंच काही घडायचं. टेस्लर यांना अवस्थांचा इतका तिटकारा होता की त्यांच्या मोटारीच्या नंबरप्लेटवरही 'नो मोड्स' असं होतं. १९८० मध्ये ते ॲपलमध्ये गेले. झेड, एक्स, सी, व्ही या एका ओळीतल्या कळा आज आपल्या बोटांना सवयीच्या आहेत, त्या ॲपलच्या १९८३ सालच्या लिसा संगणकातून रुळल्या. टेस्लर २०२० मध्ये वारले. पण त्यांच्या क्लिपबोर्डवर एका वेळी एकच वस्तू राहायची. नवी घेतली की जुनी गेली. ही मर्यादा इतकी वर्षं टिकली की ती मर्यादा आहे हेच आपण विसरलो.

मराठीत काम करणाऱ्याला टेस्लर यांचं म्हणणं जरा जास्तच पटेल, कारण आपल्याकडे एक अवस्था कायमची असते: कीबोर्ड आत्ता मराठीत आहे की इंग्रजीत? विंडोज-स्पेसनं भाषा बदलते हे बहुतेकांना माहीत असतं. पण एक्सेलमध्ये आकडे आणि इंग्रजी संज्ञा, वर्डमध्ये मराठी, ब्राउझरच्या पत्त्यात पुन्हा इंग्रजी असं चाललं की प्रत्येक उडीला भाषा बदलावी लागते. ती राहून गेली की पत्त्याच्या चौकटीत देवनागरी अक्षरांचा गिचमिडकाला उमटतो. विंडोजच्या सेटिंगमध्ये टायपिंगखाली, प्रगत कीबोर्ड सेटिंगच्या आत, एक छोटी चौकट आहे: प्रत्येक ॲपच्या खिडकीसाठी वेगळी भाषा-पद्धत वापरू द्या. ती टिक केली की वर्डची खिडकी मराठीतच राहते आणि एक्सेलची इंग्रजीत. खिडकी बदलली की भाषा आपोआप बदलते. ही टिक एकदाच करायची असते. मी ओळखीच्या ज्या भाषांतरकारांना ती दाखवली, त्यांच्यापैकी कोणीही ती परत काढलेली नाही.

कीबोर्डचंच बोलायचं तर २०१९ पासून विंडोज १० मध्ये मराठी फोनेटिकही आलं. इंग्रजी स्पेलिंगसारखं लिहा, मराठी उमटेल. ज्यांना इन्स्क्रिप्ट शिकायला वेळ नाही त्यांच्यासाठी ते ठीकच आहे. मी इन्स्क्रिप्टवरच राहिले, कारण त्यात प्रत्येक अक्षर कोणत्या कळेवर आहे हे ठरलेलं असतं. मधे पर्यायांची यादी येत नाही आणि नजर शब्दावरून हलत नाही. 'ऱ्य' लिहायचा तर शिफ्ट-जे, मग हलन्ताची डी, मग य. 'वाऱ्यावर' आणि 'दऱ्याखोऱ्या' लिहिताना अडखळणारे पुष्कळ लोक मी पाहिले आहेत. त्यांना हवी असते ती कळ त्यांच्या बोटाखालीच असते.

यातूनच एक सोय मला सापडली, ती वर्डमधली आहे, पण उपयोग सगळीकडे होतो. 'दऱ्या' हा शब्द डोळ्यांना एकच दिसतो. संगणकाच्या पोटात मात्र तो दोन तऱ्हांनी लिहिलेला असू शकतो: एक, नुक्त्याचा ऱ वापरून, दुसरा, साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. वेगवेगळ्या हातांनी लिहिलेली प्रकरणं एकत्र आली की शोध घेताना एक सापडतो, दुसरा निसटू शकतो. अशा वेळी अक्षरानंतर कर्सर ठेवायचा आणि अल्ट-एक्स दाबायचं. वर्ड त्या अक्षराचा युनिकोड क्रमांक दाखवतं. नुक्त्याचा ऱ असेल तर ०९३१. पुन्हा अल्ट-एक्स, की अक्षर परत. उलटही चालतं: इंग्रजी आकड्यांत ०९५० लिहून अल्ट-एक्स दाबलं की ॐ. जे चिन्ह कीबोर्डवर सापडत नाही त्यासाठी ब्राउझर उघडून कुठूनतरी उचलून आणण्याची एक खेप वाचते.

देवनागरीत पुसण्याचीही एक खुबी आहे. विंडोजवर बॅकस्पेस एकेक घटक पुसत मागे येतं: 'क्षी'ची आधी वेलांटी जाते, मग ष, मग हलन्त, मग क. डिलीट मात्र पुढचं अख्खं अक्षर एका दाबात घेतं. फक्त ऱ्हस्वाचा दीर्घ करायचा असेल तर कर्सर अक्षराच्या पुढे नेऊन बॅकस्पेस दाबायचं. अक्षरच नको असेल तर त्याच्या आधी जाऊन डिलीट. मुद्रितशोधनात ऱ्हस्व-दीर्घाच्या दुरुस्त्या किती असतात हे ज्यांनी केलं आहे त्यांना सांगायला नको.

वर्डमध्ये 'स्पाइक' नावाची एक जुनी, अडगळीत पडलेली सोय आहे. वृत्तपत्रांच्या कचेरीत टेबलावर एक टोकदार खिळा असे, त्यात नको असलेली बातमी खुपसली जाई. हे नाव तिथलं. कंट्रोल-एफ-थ्री दाबलं की निवडलेला मजकूर कापला जाऊन त्या खिळ्यावर जातो. दुसरा तुकडा कापला की तोही त्यावरच. शेवटी हव्या त्या जागी कंट्रोल-शिफ्ट-एफ-थ्री दाबलं की सगळे तुकडे क्रमानं एकदम उतरतात. लेखकाने दिलेल्या लांब प्रकरणातून विखुरलेल्या तळटिपा गोळा करून शेवटी लावायच्या असतील तर याला तोड नाही. त्याच प्रोग्राममधलं शिफ्ट-एफ-फाइव्ह आपल्याला शेवटच्या दुरुस्तीच्या जागी परत नेऊन सोडतं. मोठी फाइल दुसऱ्या दिवशी उघडली की मी पहिलं तेच दाबते.

ऑटोकरेक्टचा मात्र उलटा वापर करता येतो. ते चुका सुधारण्यासाठी आहे असं आपण धरून चालतो, पण त्याच्या यादीत आपलेच संक्षेप घालता येतात. मी 'मसं' लिहून स्पेस दिली की 'महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ' उमटतं. मराठी संस्थांची, कायद्यांची, योजनांची नावं ऐसपैस असतात. शिवाय ती प्रत्येक वेळी हुबेहूब तशीच यावी लागतात. तिथे संक्षेपानं वेळ तर वाचतोच, पण एका पानावर 'साहित्य आणि संस्कृती', दुसऱ्यावर 'साहित्य-संस्कृती' असं होत नाही. ही यादी ऑफिसच्या इतर प्रोग्रामांतही चालते, त्यामुळे बिलाच्या एक्सेलमध्येही तोच संक्षेप कामाला येतो.

फायलींचं जग वेगळं. शेवटच्या टप्प्यावर पंधरा-वीस प्रकरणांच्या फायली असतात आणि प्रत्येकीला नवं नाव द्यायचं असतं. एफ-टू दाबून नाव बदलायचं आणि एंटर न देता टॅब दाबायचा. पुढच्या फाइलचं नाव आपोआप बदलायला उघडं होतं. माउसला हात लावावा लागत नाही. मेलला फाइल जोडताना फोल्डरांच्या जिन्यांवरून खाली उतरण्यापेक्षा फाइलवर 'कॉपी ॲज पाथ' घ्यायचं आणि जोडण्याच्या खिडकीत फाइलच्या नावाच्या चौकटीत तो पत्ता चिकटवून एंटर. आणि नोटपॅड: फाइलच्या पहिल्या ओळीत टिंब देऊन मोठ्या लिपीत इंग्रजी 'लॉग' लिहिलं की पुढे दर वेळी ती फाइल उघडताना आजची तारीख-वेळ आपोआप खाली येते. माझी कामाची रोजनिशी अशीच आहे. कोणत्या प्रकरणावर केव्हा बसले, कोणाची शंका बाकी आहे, हे बिल करताना तिथेच सापडतं.

एका मासिकाच्या कामासाठी मला काही काळ मॅकवर बसावं लागलं. तिथे जुने हात उपयोगी पडेनात, पण मधला पट्टा तिथेही आहेच, आणि काही बाबतींत जास्त रुंद आहे. फाइलवर स्पेसबार दाबला की ती न उघडता आत काय आहे ते दिसतं. मदतीच्या मेनूत शब्द लिहिला की त्या नावाचा आदेश कोणत्या मेनूत लपलाय ते बाणानं दाखवलं जातं. कोणत्याही प्रोग्रामच्या मेनूतल्या आदेशाला आपली कळ लावता येते. आणि कंट्रोल-के आणि कंट्रोल-वाय या जोडीचा एक दुसराच छुपा क्लिपबोर्ड आहे. नेहमीच्या कॉपी-पेस्टला धक्का न लावता त्यात ओळ कापून ठेवता येते. लिनक्सवाल्यांकडे तर पूर्वापार नुसता मजकूर निवडला आणि माउसचं मधलं बटण दाबलं की पेस्ट होतं. एका वस्तूच्या क्लिपबोर्डनं भागत नाही हे या मंडळींनी फार आधी ओळखलं होतं.

या सगळ्यात सावधगिरीची एकच गोष्ट, पण ती महत्त्वाची. क्लिपबोर्डचा इतिहास तुम्ही कॉपी केलेलं सगळं लक्षात ठेवतो, त्यात पासवर्ड आला आणि ग्राहकाचा बँक खात्याचा क्रमांकही आला. एकाच संगणकावर पाळीपाळीनं दोघं बसत असतील तर उठताना विंडोज-व्ही दाबून 'सगळं पुसा' करणं हा शिष्टाचार समजावा.

या सोयी इतक्या वर्षांच्या, मग त्या लपलेल्या का? मला वाटतं, कळांची जोडी पडद्यावर दिसत नाही, हे एक कारण. दुसरं, आपण संगणक एकटे वापरतो. छापखान्यात जुळारी शेजारच्या जुळाऱ्याचे हात दिवसभर बघत असे. आज शेजारी बसून दुसऱ्याच्या पडद्याकडे बघत राहणं उद्धटपणाचं वाटतं. त्यामुळे ज्याला विंडोज-व्ही ठाऊक आहे तो आणि ज्याला नाही तो, हे दोघं एकाच खोलीत वर्षं काढतात आणि एकमेकांना पत्ता लागत नाही. म्हणूनच नव्या मुलांना मी यादी देत नाही. यादी कोणी वाचत नाही. मी त्यांच्या शेजारी बसते आणि त्यांचा उजवा हात केव्हा केव्हा माउसकडे जातो ते बघते. सगळ्यात जास्त वेळा ज्या कामासाठी जातो, त्या एकाच कामाची कळ दाखवते. ती बोटात बसली की पुढची. शॉर्टकट गोळा करण्याचाच छंद लागलेली माणसंही मी पाहिली आहेत. त्यांना शंभर कळा ठाऊक असतात आणि काम तेवढंच होतं.

आणि वाचलेला वेळ जातो कुठे? नोकरीत असताना तो पुढच्या फाइलकडे जायचा. लवकर संपवलं की लवकर दुसरं येतं, हा कोणत्याही कचेरीचा नियम. शब्दांवर पैसे मिळणाऱ्या भाषांतरकाराचं तसं नसतं. तिथे वाचलेला वेळ आपला. तो आणखी शब्दांत घालायचा की असलेल्या शब्दांत, हे आपण ठरवायचं. मी तो ऐकण्यात घालते. मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये साठवून ती एज ब्राउझरमध्ये उघडते आणि कंट्रोल-शिफ्ट-यू दाबते. 'आरोही' किंवा 'मनोहर', यांपैकी निवडलेला मराठी आवाज तो मजकूर वाचू लागतो. यंत्राचा आवाज आहे, कुठे भलत्याच जागी थांबतो. पण दोनदा आलेला 'आहे', गळालेला 'नाही', कर्त्याशी न जुळणारं क्रियापद यातलं काहीही तो मनानं सुधारून घेत नाही. मी मात्र वाचताना नकळत सुधारून घेते. छापखान्यात पूर्वी एकजण मूळ प्रत मोठ्यानं वाचायचा आणि दुसरा प्रुफावर नजर ठेवायचा. दोन माणसांचं ते काम आता एकीला करता येतं, मात्र त्याला लागणारा वेळ तितकाच आहे. ऐकायचं ते सावकाशच ऐकावं लागतं. बाकीच्या सगळ्या घाईची किंमत मी तिथे वसूल करते.